चिमटेवाले सर

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, कपडे वाळत घालायचे चिमटे असत. बोलता बोलता ते एक चिमटा काढायचे, समोरच्या पुस्तकाची पाच-पंचवीस पानं एकत्र धरून त्यांना लावायचे आणि म्हणायचे, "आहे सगळं. फक्त मिटलेलं आहे."

पुस्तक बहुधा माझं असे. म्हणजे शाळेच्या ग्रंथालयाचं. पण बावीस वर्षं मीच तिथल्या पुस्तकांना कव्हरं घातली, त्यामुळे ती माझीच, असं माझं मत आहे. सर बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. हिंदी मुलखातल्या गढ्यात आमची घरं समोरासमोर, शाळा खमरियाला आणि तिकडे जायची बस एकच. सुटका नव्हती.

"बाई, माणसाच्या पेशी-पेशीत तेच ते अख्खं पुस्तक असते. डोळ्याच्या पेशीत यकृताचंही पान आहे. पण तिथं चिमटा. म्हणून डोळा पित्त बनवत नाही."

"आणि म्हणून तुम्ही माझा शब्दकोश चिमटून ठेवला?"

"ग्रंथपालाच्या पेशीतही दयेचं पान असते," सर म्हणायचे. "मिटलेलं असते."

असा एखादा शिक्षक तुम्हीही पाहिला असेल. पण तुमच्या शिक्षकानं शाळेच्या मैदानावर गर्भ वाढवला नसेल.

सरांनी वाढवला. चाळीस पोरांना त्याच बारा पानांची झेरॉक्स दिली. एका पानावर हृदय कसं करायचं, एकावर डोळा, एकावर गुडघा. शेजारचा काय झाला ते विचारायचं, त्यावरून आपलं एकच पान उघडं ठेवायचं, बाकीच्या पानांना चिमटे. घंटा झाली की पुढची वाढ. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं, पण त्या सकाळी सरांच्या सुनेनं धुणं काढलं आणि शाळेसाठी भरलेल्या पिशवीतले अर्धे चिमटे दोरीवर लावून टाकले. धुणं वाळत घालायला चिमटे लागतात, यात तिची काय चूक? मैदानावर मात्र अर्ध्या पोरांची सगळी पानं उघडी राहिली आणि ती एकाच वेळी सगळंच व्हायला लागली. एक दांडगा मुलगा हृदय, डोळा आणि दोन्ही गुडघे असा धडधडत, डोळे मिचकावत रांगत होता. उजवीकडे सात डोळे ओळीनं उभे. पोटाचा पत्ता नाही.

प्राचार्य बाहेर आले. "ये क्या है, सर?"

"सर, अभी तीसरा हफ्ता चल रहा है," सर शांतपणे म्हणाले.

"और बच्चा पूरा कब होगा?"

"छुट्टी के बाद."

मी खिडकीत इतकी हसले की रजिस्टरवर चहा सांडला. बसमध्ये मात्र सर खुशीत होते. "पाहिलं ना, बाई? नुसतं उघडून नाही चालत. योग्य वेळी, योग्य ते पान."

हे सगळं मुलांसाठी असे, असं मला वाटायचं. नव्हतं. ते पीहूसाठी होतं.

पीहू ही सरांची सात वर्षांची नात. तिला मराठी शब्दन् शब्द कळायचा, पण उत्तर हिंदीत. सर म्हणायचे, "पीहू, पाणी आण," की ती पाणी आणून म्हणायची, "लो आबा." सरांची बायको गेल्यापासून त्या घरात सरांशी मराठीत बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगा म्हणे, "बाबा, समझती तो है ना. बहुत है." सरांना ते बहुत नव्हतं. ते त्यांना फार लागलं होतं.

"तिच्या आजीची सगळी बोली तिच्यात आहे," एकदा बसमध्ये ते म्हणाले. "पण काही पानं लहानपणी उघडली तर उघडली, बाई. मग जड जाते." हे बोलताना त्यांनी चिमटा काढला नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मग त्यांनी तोडगा काढला. "पेशी आपलं पान आपणहून नाही उघडत. शेजारणीचा निरोप यावा लागते. तुम्ही शेजारीण आहात. रोज सहाला या आणि माझ्याशी भांडा."

"काहून?"

"गोड बोललेलं लेकरं ऐकत नाहीत. भांडण कान देऊन ऐकतात."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी दीड वर्ष रोज संध्याकाळी सहाला समोरच्या ओट्यावर जाऊन मी त्या माणसाशी मराठीत भांडले. सून पोहे आणून ठेवायची आणि मी सुरू करायची, "पोह्यात मीठ नाही."

"मीठ बरोबर आहे, बाई. तुमची जीभच रजेवर आहे."

तिथून शब्दकोशावर, तिथून बसच्या खिडकीवर, मग थेट एकमेकांच्या खानदानावर. गल्लीतल्या लोकांनी आमचं खरंच वैर आहे असं ठरवून टाकलं. खरं सांगते, काही दिवस ते खरंच असायचं. पीहू दारात बसून आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघायची आणि शेवटी म्हणायची, "आंटी, आबा, अब चुप हो जाओ. कार्टून सुनाई नहीं दे रहा."

सर माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "ऐकून राहिली."

या थंडीत सर गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. खिशात दोन चिमटे होते, ते सुनेनं काढले आणि दोरीवर लावायला तिचा हात धजेना.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी सवयीनं सहाला समोर गेले. सुनेनं पोहे आणून ठेवले. मी खाल्ले. त्यांची खुर्ची समोर होती. मला तो माणूस तिथं हवा होता, आणि भांडायला तर कोणीच नव्हतं. पीहू दारात बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मग उठली, येऊन खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"काकू," ती म्हणाली, "काहून चूप बसून राहिल्या?"

मी म्हटलं, "पोह्यात मीठ नाही."

"मीठ बरोबर आहे, बाई," पीहू म्हणाली. "तुमची जीभच रजेवर आहे."