फलकावरची जोडी
ऑइलपेंटचा वास आला की मला राजूरच्या गणपतीच्या चतुर्थीच्या जत्रेतला आमचा आरोग्य खात्याचा मंडप आठवतो. तेव्हा मी आरोग्यसेविका होते. एड्सच्या माहितीचा नवा फलक अजून नीट वाळलाही नव्हता. त्यावर पटकेवाला नवरा, डोक्यावर पदर घेतलेली बायको आणि खाली ‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा’ असं लिहिलेलं. दर्शनाला निघालेली माणसं फलकाकडं चोरून बघत पुढं सरकत होती. तिशीचा एक माणूस मात्र रेंगाळला. त्याचा मित्र दोघांच्याही चपला हातात धरून जरा लांब उभा होता. “बाई,” तो हळूच म्हणाला, “हे बायकांमुळंच होतं ना? आमी दोघं कधी बायकांच्या वाटंला गेलोच न्हाई. मंग आमाला भ्याव न्हाई, बराबर?” मला सगळं समजलं. पुरुषा-पुरुषांच्या संबंधातूनही हा आजार होतो हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, टेबलावर निरोधची पाकिटंही होती. पण शेजारी डॉक्टर बसलेले, समोर बायाबापड्यांची गर्दी. “फलकावर आहे तेवढंच,” मी म्हणाले. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि दोघं हसत गर्दीत मिसळले. चार-पाच वर्षांनी तो मित्र एकटाच एचआयव्हीच्या तपासणीला आला. “तो गेला, बाई,” म्हणाला. मी रडायला लागले, तर तोच मला समजावू लागला, “आमचं चित्र न्हवतं त्याच्यावर. तुमी तरी काय करणार?” फलक रंगवणारा दुसराच कुणी होता, हे मी आजही स्वतःला सांगते. पण उत्तर मी दिलं होतं, आणि खरं माहीत असून खोटं दिलं होतं.