काठी दुसऱ्या हातात

मागले आबांना माणसं तोंडावरून ओळखू येत नसत. त्यांची नजर अधू होती म्हणावं, तर समोरच्या डोंगरावर चरणारं कोणतं जनावर कोणाचं हे ते ओट्यावर बसून सांगत. पण समोरून येऊन कुणी रामराम घातला की ते गोंधळून जात. एकदा त्यांचे सख्खे जावई टाकव्याहून भेटायला आले. आबांनी त्यांना पाणी दिलं, भाताची चौकशी केली आणि मग विचारलं, "पावणं कुटलं म्हनायचं?" जावई रागाने उठून चालू लागले. दहा पावलं गेले असतील नसतील, तोच आबा ओरडले, "आरं, हे तर आमचं जावई!" चालताना जावयांचा उजवा खुबा डाव्यापेक्षा अंमळ वर जायचा. मुलीचा संसार त्या खुब्यामुळे बचावला.

माणूस असो की बैल, आबा त्याच्याकडे मागूनच बघत. म्हणून औंढ्यात त्यांना मागले आबा हे नाव पडलं. गावात त्यांना आणखीही एक नाव होतं, पण मी जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवलं असल्यामुळे ते इथे लिहीत नाही.

बैल घ्यायचा झाला की लोक आबांना बाजाराला घेऊन जात. विकणारा बैलाचे दात दाखवी, शिंगं दाखवी. आबा तिकडे ढुंकूनही बघत नसत. "त्वांड ऱ्हाऊ दे. पाठ फिरीव आन चालीव त्याला," एवढंच म्हणत. बैल पलीकडे चालू लागला की ते उकिडवे बसत आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंची वर आलेली हाडं तराजूच्या पारड्यांप्रमाणे सारखी वरखाली होतात का ते बघत. बैल पसंत पडला तर म्हणत, "घ्या." खोट दिसली तर विकणाऱ्यादेखत जनावराला नावं ठेवत नसत. नुसते उठत आणि म्हणत, "चला, गुडदानी घ्यायची ऱ्हायली." गुडदाणी ऐकली की आमच्या गावचा माणूस मुकाट्याने बाजार सोडून निघे. त्यापायी गावातल्या पोरांना गुडदाणी मात्र भरपूर मिळाली.

पोळ्याला कुंभार मातीचे बैल आणी. आबांना ते बघवत नसत. "ह्ये बैल हायती का पाट? चारी पाय सरळसोट!" कुंभार म्हणे, "आबा, ह्यांना नांगराला न्हाई जुपायचं. पुजायचं हाय." एका वर्षी आबांनी ओली माती घेऊन स्वतःच बैल केला. मागचा पाय जिथे मागे वळतो त्याला आपण सगळे ढोपर समजतो. आबा म्हणत, "ढोपार वर पोटापाशी दडलंय. ही तर टाच हाय. बैल जलमभर चवड्यावर चालतोय, आन तुमी त्याला आळशी म्हनता." त्यांनी पाय अगदी बरोबर वळवला. सकाळी बघितलं तर बैल बसलेला होता. कुंभाराचे चौकोनी बैल मात्र विसर्जनापर्यंत उभे राहिले.

आता माझ्याकडे येते. माझा डावा खुबा जन्मापासून जागेवर नव्हता. आईने नवस केले, तेलं लावली, दोन वैद्य झाले. प्रत्येकाने आशा दाखवली आणि शिधा नेला. आबांनी मला लहानपणीच एकदा अंगणात चालवून बघितलं आणि आईला सांगितलं, "उखळ हाय, मुसळ भाईर हाय. आता उखळ बुजलं आसंल. ह्ये बसनार न्हाई, उगं पोरीला वढू नगा." आई दोन दिवस रडली. पण त्यानंतर माझा पाय कुणी ओढला नाही, आणि त्याबद्दल मी आबांची फार ऋणी आहे.

तळेगावला मामांकडे राहून मी सातवी पास झाले, कारण शाळा मामांच्या दाराला लागून होती. औंढ्याला परत आले ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची उन्हाळ्याची सुट्टी. त्याच महिन्यात दोन गोष्टी चालून आल्या. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा होती. आणि तळेगावच्या एका किराणा दुकानदाराचं स्थळ होतं. बिजवर, पंचेचाळिशीचे. त्यांना दुकानात बसायला घरचं माणूस हवं होतं, आणि बसायला मला काही अडचण नव्हती. माझे वडील, तात्या, रेल्वेत होते आणि वेळापत्रकाप्रमाणे बोलत. ते म्हणाले, "शाळा अडीच मैलांवर आहे. सुट्टी संपायच्या आत शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत येऊन दाखव. जमलं तर नोकरी. नाही तर तळेगाव."

पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाटेवरच्या आंब्याखाली बसले आणि तिथूनच मागे फिरले. डावा पाय अधू, म्हणून काठी डाव्या हातात घट्ट धरली होती. खुब्यात आग, खांद्यात कळ आणि डोळ्यांत पाणी अशा थाटात गावात शिरले. तळेगावचं दुकान मला स्पष्ट दिसत होतं, पोत्यांसकट.

आबा ओट्यावर होते. मी त्यांना ओलांडून पुढे गेले. मग मागून हाक आली.

"थांब गं. जरा पाठ फिरवून त्या चिंचंपातुर जा बगू."

आधीच जीव वैतागलेला. मी म्हटलं, "मी काय बैल आहे?"

"बैल आसतीस तर सांगावं लागलं न्हसतं," आबा म्हणाले. "काटी दुसऱ्या हातात घे."

मी म्हटलं, "दुखतोय डावा."

"म्हनूनच. बैलाचा मागला डावा दुखला की त्यो मान खाली घालून म्होरल्या उजव्यावर भार टाकतोय. डाव्यावर टाकला तर त्याच अंगाला कलंडंल. तुला म्होरलं पाय न्हाईत, काटी हाय. ती उजव्या हातात धर, आन डाव्या पायासंगंच टेकीव."

त्यांना गप्प करावं म्हणून मी काठी उजव्या हातात घेतली आणि चिंचेपर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. खुब्यातली आग निम्म्याने कमी झाली होती. इतकी वर्षं घरातल्या, मामांकडच्या, शाळेतल्या प्रत्येक शहाण्या माणसाने मला काठी दुखऱ्या बाजूला धरायला सांगितलं होतं, आणि मीही ऐकलं होतं. मला इतका राग आला की मी त्या दिवशी चिंचेपर्यंत दहा वेळा गेले. आबा मागे बसून फक्त एवढंच म्हणत होते, "व्हय. आता चाल हाय."

आठवड्यात मी आंबा ओलांडला. तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या फाटकाला हात लावून परत आले. पण तात्यांनी तोवर तळेगावकरांना बोलावणं धाडलं होतं, आणि दिलेला शब्द फिरवणं त्यांना गाडी चुकवण्यासारखं वाटे. पाहुणे आले. गृहस्थ सभ्य होते, त्यांनी पोहे दोनदा घेतले. सोबत त्यांची म्हातारी आई होती. माझ्या आईने काठी लपवली होती, त्यामुळे लंगडणं जास्तच दिसलं, तरी पसंती झाली. तात्या म्हणाले, "उद्या निरोप पाठवतो."

पाहुणे निघाले. आबा आमच्याच ओट्यावर येऊन बसले होते आणि अर्थातच त्या दोघांच्या पाठीकडे बघत होते. गृहस्थ झपाझप पावलं टाकत टांग्याकडे निघाले. आबा उठले, धोतर झटकलं आणि मोठ्याने म्हणाले, "चला, गुडदानी घ्यायची ऱ्हायली."

ओट्यावरच्या सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. पाहुणे वळून म्हणाले, "इथली गुडदाणी चांगली असते का?" तात्या म्हणाले, "बरी असते."

टांगा गेल्यावर तात्यांनी विचारलं, "आबा, माणसात खोट काय दिसली?"

"खोट न्हाई. दोनी खुबं बराबर हायती. पर म्हातारी मागं लंगडत येत हुती, ह्यानं येकदा बी पाऊल आवरलं न्हाई. जोडीदारासाटी थांबनारा बैल न्हवं त्यो."

रात्री जेवताना तात्यांनी मला एवढंच विचारलं, "शाळा किती वाजता भरते?"

त्या शाळेत माझं सगळं आयुष्य गेलं. पहिली काही वर्षं मी औंढ्याहून चालत जायची, तेव्हा आबा सकाळी ओट्यावर असत. मी समोरून गेले तर ओळख नसे, पुढे गेले की मागून आवाज येई, "डावा आज दमलाय. राती तेल लाव." पुढे मी लोणावळ्यात खोली घेतली आणि औंढ्याला जाणं सणावारापुरतं उरलं.

एका दिवाळीला गेले तर आबा वाटेतच भेटले. फार थकले होते, उजवा पाय ओढत होते. हातात काठी होती, उजव्याच हातात. मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाले, "कोन बाय?"

मी म्हटलं, "आबा, काठी दुसऱ्या हातात घ्या."

त्यांनी काठीकडे बघितलं. मग त्यांनी हात बदलला. "जनावराला सांगावं लागत न्हाई," ते म्हणाले, "मानूसच येडा." आणि वळून घराकडे निघाले. मी तिथेच उभी राहून बघत होते. दोन्ही खुबे जवळजवळ सारखे वरखाली होत होते. वळणापाशी ते थांबले, मागे न बघताच मोठ्याने म्हणाले, "पोरी, तू चाल की जरा म्होरं. मला बगू दे."

मी त्यांच्या पुढे जाऊन चिंचेपर्यंत चालले.

त्याच थंडीत ते गेले. निरोप उशिरा मिळाला, मला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही. आज त्यांचा चेहरा आठवू म्हटलं तर नीट आठवत नाही, पाठ तेवढी लख्ख दिसते. त्यांनीही मला तोंडावरून कधी ओळखलं असेल असं वाटत नाही. पण त्या दिवशी चिंचेपाशी पोचले तेव्हा मागून त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली होती.