रिकाम्या टँकरची पाटी

रोह्याच्या कारखान्यात आम्हा ड्रायव्हरांचे टँकर रिकामे करून घेणारा तो माणूस इतका सावकाश बोलतो, की त्याचं वाक्य संपेपर्यंत माझी दाढी बोटभर वाढते. टँकरवरची ज्वाळेच्या चित्राची लाल पाटी मात्र तो स्वतःच्या रुमालाने पुसतो. "माल उतरला तरी पाटी काढायची नाय. आत वाफ हाय, ठिणगीनं पेटंल," हे मी लाखभर वेळा तरी ऐकलंय.

रिकाम्या टँकरला कसली पाटी, म्हणून एकदा मी ती काढून सीटखाली टाकली आणि तुटलेलं मडगार्ड जोडायला रामवाडीच्या गॅरेजात शिरलो. पाटीच नाही म्हटल्यावर वेल्डरने काही विचारलं नाही, सरळ चष्मा चढवला. तेवढ्यात रोह्याहून त्या माणसाचा फोन आला.

"गेटावरनं जाताना... तुझी पाटी... दिसली नाय."

"काढली, दादा. वेल्डिंगला उभा हाय."

जन्मात पहिल्यांदा तो एका दमात बोलला, "आधी त्याचा हात धर, मग माझ्याशी बोल."

मी धावत जाऊन वेल्डरचा हात धरला. मग सीटखालची पाटी काढून जागेवर लावली.

पुढच्या खेपेला रोह्याच्या दादाने पाटीकडे बोट केलं आणि नुसता रुमाल पुढे केला.