घरच्या दारात सापडलेली बोटं

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं निघायची. खंडेनवमीला तिथे मशिनांची पूजा असायची. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसच्या तोंडात हात जाऊ नये म्हणून पुढे एक लोखंडी जाळी असते. ती असली की कुंकवाचं बोट आतपर्यंत पोचत नाही. त्या वर्षी माझ्या मशिनची जाळी मीच काढली, अगदी भक्तिभावाने. जाळीशिवाय काम झपाझप होतंय हे शेठच्या लगेच लक्षात आलं. "राहू दे तशीच, दिवाळीचा माल आहे," म्हणाले. जाळी कपाटामागे गेली.

दिवाळी झाली आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशिनचा आवाज रोजचाच आला, म्हणून आधी मला कळलंच नाही.

शेजारच्या मशिनवरच्या मैत्रिणीने हाताला ओढणी गुंडाळून मला रिक्षात घातलं. नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. रिक्षात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, जाळी मी काढली. आता शेठची वाट लागणार, गाळा बंद पडणार आणि सगळ्या बायका मला शिव्या घालणार. हॉस्पिटलच्या खिडकीवर विचारलं, कुठे लागलं? मी म्हणाले, "घरी. दारात सापडली बोटं." मला कुणी पढवलं नव्हतं. शहाणपणा सगळा माझाच. मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली.

हात बरा झाल्यावर शेठनी कामावर घेतलं नाही. "या हाताने काय करणार तू?" एवढंच. नाहूरच्या खोलीत दिवसभर एकटी बसून राहायचे. टीव्ही लावायचे तो नुसत्या आवाजासाठी.

शेवटी युनियनच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "जाळी कुणीही काढू दे हो. तशी मशीन चालवून घेतली ना त्याने? मग जबाबदारी मालकाचीच. फक्त बोटं कामावर गेली हे सिद्ध करायला हवं." आणि केसपेपरवर तर माझ्याच तोंडचं घर आणि दार. बघणारी एकटी मैत्रीण होती. मी तिच्या घरी गेले.

"येईन गं, त्यात काय विचारायचं!" ती म्हणाली. त्या रात्री मला छान झोप लागली.

कामगार कोर्टात सुनावणीला ती आली, पण शेठबरोबर. साहेबांनी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "हॉस्पिटलात ती स्वतःच बोलली, घरी दारात सापडली म्हणून. मी बाजूलाच होते." शब्द न् शब्द खरा होता. मशिनजवळ काय पाहिलं ते युनियनच्या बाईंनी विचारलं, तर म्हणाली, आठवत नाही.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. संताप इतका, की रडूही येईना. थोड्या वेळाने ती आली. "मला काम सोडून चालणार नाही गं," म्हणाली. माझा पदर खांद्यावरून सुटून लोंबत होता. त्या दोन बोटांवाचून मला पिन लावता येत नाही, सकाळी कशीबशी खोचली होती. तिने ती काढली, पदराच्या निऱ्या नीट केल्या आणि पिन लावून दिली.

तिचा हात झटकावा असं फार वाटलं. पण परत खोलीवर गेल्यावर मला हात लावणारं कुणी नव्हतं. मी तशीच बसून राहिले, तिचं आवरेपर्यंत.