चौरस तिरका झाला तर

पहिलीच्या बाईंना किस्से शोधावे लागत नाहीत. डब्याच्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये पाऊल ठेवलं की दुसरीचे पाटील सर भाकरी मोडता मोडता विचारतात, "बाई, आज काय?" आणि काहीतरी असतंच. या वर्षी सगळ्यात जास्त किस्से आकारांनी दिले. गोल, त्रिकोण, चौरस, आयत. यात शिकवण्यासारखं आहेच काय, असं मला वाटायचं.

आमची शाळा शिरोली एमआयडीसीच्या अलीकडे. जूनमध्ये वर्गात कस्तुरी आली, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावातून. वडिलांना इथल्या फौंड्रीत काम लागलं होतं. घरी कन्नड, दारात मराठी, दोन्ही तिला येत होतं. पण वर्गात शब्द नाही. तिची आई रोज गेटवर विचारायची, "बाई, आज तरी बोलली?" मी नकारार्थी मान हलवायची. "घरात डोकं खाती की वो माझं," ती म्हणायची. नाताळपर्यंत पोरगी बोलली नाही, तर गावाकडे अज्जीजवळ ठेवून कन्नड शाळेत घालायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. आईचा जीव त्यात अडकला होता. माझाही अडकला, खोटं कशाला सांगू.

*

गोलाच्या दिवशी मी सांगितलं होतं, घरातून गोल वस्तू आणा. बांगड्या आल्या, डब्यांची झाकणं आली. समर्थनं भाकरी आणली, एका बाजूनं खाल्लेली.

"समर्थ, ही गोल आहे का?"

"घरातनं निघताना गोल हुती, बाई."

स्टाफरूममध्ये हे सांगितलं, तर पाटील सर म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय."

*

त्रिकोणाचं प्रकरण वेगळं. मी फळ्यावर नेहमी देवळाच्या शिखरासारखा त्रिकोण काढते. पुस्तकातही तसाच असतो. एकदा मुद्दाम लांबट, कलंडलेला काढला आणि विचारलं, "हा काय?"

आराध्या काळजीनं म्हणाली, "बाई, त्रिकोण पडला."

मी सांगितलं, बाजू मोजा, तीनच आहेत. त्यांनी मोजल्या. "तीन हायत," समर्थ म्हणाला, "पन पडलाय."

तेव्हापासून मला एकच प्रश्न छळायला लागला. आपल्याला जे दिसतं, ते या मुलांना नेमकं कसं दिसतं?

*

मग दोरी घेऊन मुलांना मैदानावर नेलं. तिघांनी दोरी ताणली की त्रिकोण, चौघांनी ताणली की चौरस. कोपरा व्हायला भांडणं लागली. कस्तुरीही कोपरा झाली. दोरी घट्ट धरून, ओठ त्याहून घट्ट मिटून.

शेवटी सगळ्यांनी मिळून गोल करायचा ठरला. आराध्या मधोमध येऊन थांबली. "माझा कोपरा कुठला?"

"गोलाला कोपरा नसतो, बाळा."

"मग मी कुठं उभारू?"

मी म्हटलं, कुठंही उभारलं तरी चालतं. ते तिला अजिबात पटलं नाही.

*

दिवाळीची सुट्टी संपली आणि सगळ्यात मोठं भांडण झालं. मी पुठ्ठ्याचा चौरस फळ्यावर धरला. "चौरस!" वर्ग ओरडला. मी तो फिरवून टोकावर उभा केला.

"शंकरपाळी!"

सरळ केला, चौरस. फिरवला, शंकरपाळी. पट्टीनं बाजू मोजून दाखवल्या. उपयोग शून्य. स्टाफरूममध्ये गाऱ्हाणं सांगितलं तर पाटील सर म्हणाले, "खायला मिळणार असंल तर मीबी शंकरपाळीच म्हणीन."

दोन्ही घोर एकदमच लागले होते. चौरस काही केल्या चौरस राहत नव्हता, आणि नाताळ जवळ येत होता.

*

मग एक दिवस मी पुन्हा पुठ्ठा तिरका धरला आणि पुन्हा "शंकरपाळी" ऐकलं. वैतागून म्हटलं, "अरे, मी नुसता फिरवला. दुसरा आणला का?"

तेवढ्यात कस्तुरी उठली. मला वाटलं, पाणी प्यायला निघाली. ती पुढं आली, फळ्यासमोर खाली बसली आणि फरशीवर चक्क तिरकी आडवी झाली. तिथून चौरसाकडे बघत राहिली. मग मोठ्यांदा, खणखणीत आवाजात म्हणाली,

"मी तिरकी झोपलो तर काय दुसरी हुतो व्हय? कस्तुरीच की मी!"

कुणी हसलं नाही. समर्थ उठून तिच्याशेजारी तिरका झोपला. मग आराध्या. बघता बघता सगळा वर्ग फरशीवर. दारातून जाणारे पाटील सर थबकले. "बाई, आज काय?" हातातला पुठ्ठा मी तसाच तिरका धरून ठेवला होता.

शाळा सुटली. गेटवर आई उभी होतीच. कस्तुरी माझं बोट धरून होती. आईनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, आज तरी?"

"बोलली."

आईनं पदर तोंडावर धरला. मग तिनं हळूच विचारलं, "काय बोलली वो?"

मी म्हटलं, "सांगते. आधी मान जरा वाकडी करा."

आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे न बघता, तिनं मान वाकडी केली.