म्हशीसाठी रेकॉर्ड: रामनगर ते कॅसलरॉक

कॅसलरॉकला जाऊन आलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, धबधबा बघितला का? मी नाही बघितला. आम्ही गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे म्हैस उभी होती, तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. ही गोष्ट छोट्या रुळांवरून गाडी धावायची तेव्हाची. मी सांगते आणि नात सुमी टाइप करते. मला अक्षर येत नाही, म्हणून शुद्धलेखनाच्या चुका सगळ्या तिच्या आणि थापा सगळ्या माझ्या.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी आमच्या म्हशीला पान लागलं. साप कुठला ते कळलंच नाही, सकाळी म्हैस गोठ्यात आडवी. दुसऱ्या दिवसापासून घरात काळा चहा. आमचे हे, म्हणजे सुमीचे आजोबा, काळा चहा असा पीत की जणू मीच त्यात दूध घालायचं विसरले. नागरगाळीच्या एका गवळ्याकडे चांगली दुभती म्हैस होती. तो म्हणाला, "वैनी, बाजाराच्या दिवसापतुर थांबतो. मग लोंढ्याचा हाटेलवाला नेतोय बघा." बाजार चार दिवसांवर. हातात पैसा नाही. घरात विकण्यासारखी वस्तू एकच, आणि तिच्यावर ह्यांचा जीव.

ती वस्तू म्हणजे एक रेकॉर्ड. आम्ही मूळचे सुप्याचे. धरणाचं पाणी यायच्या आधी सरकारनं आम्हाला उठवून रामनगरला आणलं. सुप्यात असताना ह्यांचा लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावायचा धंदा होता. आमच्याच गल्लीतल्या बायक्कानं एकदा हुबळीला जाऊन दोन गाणी म्हटली, त्याची ही छोटी प्लॅस्टिकची तबकडी निघाली. काढणारी कंपनी लवकरच बंद पडली, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी तबकड्या होत्या त्यांच्या गाव उठताना हरवल्या. आमची तेवढी भाताच्या कणगीत घालून आणली म्हणून वाचली. वाजवायचं मशीन मात्र गंजून भंगारात गेलं. म्हणजे घरात गोठा होता पण म्हैस नव्हती, आणि रेकॉर्ड होती पण मशीन नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, "ह्यातलं एक कायतरी जुळवूया की."

"इक," म्हणाले, आणि त्यानंतर तोंडच मिटलं.

माझा भाचा परशू कॅसलरॉकला रेल्वेत खलाशी. त्याची मडगावच्या एका शाळामास्तरांशी ओळख झाली होती. मास्तरांना जुन्या रेकॉर्डींचं वेड. ते येताजाता परशूला विचारायचे, तुमच्याकडची ती बायक्का कुठे सापडेल का. परशू निरोप घेऊन आला, "मावशी, मास्तर इचारालेत, कंडिशन कशी हाय?"

"कंडिशन म्हंजे रे काय?"

"म्हंजे अंगानं कशी हाय. चरे, डाग, कव्हर, सगळं सांगायचं."

एवढंच होय! जनावर विकताना आपण हेच तर सांगतो. खोड आधी सांगायची, नाहीतर गिऱ्हाईक जनावर परत आणून दारात बांधतं. मी परशूला बसवलं आणि घोकून घेतलं. "सांग, वयानं पोक्त हाय, म्हातारी न्हाई. रंगानं काळीभोर, उजेडात धरलं की तकाकते. वाकडी न्हाई, फुटकी न्हाई. एका अंगाला ओरखडा हाय, तो कोंबडीचा. माझ्या नणंदेच्या लग्नात चालू मशीनवर कोंबडी उडाली. खोड एकच, त्या जागी अडती आणि एकच शब्द घोकत बसती. बाजूला टिचकी मारली की मुकाट पुढं चालती. आवाज नाकात हाय, पण तो बायक्काचा, रेकार्डीचा दोष धरायचा न्हाई. कव्हराचा एक कोपरा उंदरानं खाल्लाय, आणि फोटोतल्या बायक्काला आमच्या थोरल्यानं मिशा काढल्यात."

रेल्वेच्या फोनवर मास्तर हे ऐकून इतके हसले म्हणे की त्यांनी येण्याचा दिवसच ठरवून टाकला.

आदल्या दिवशी दुपारी निघालो. रामनगरहून तिनईघाटापर्यंत बस, तिथून गाडी. खर्च म्हणाल तर तिकिटापेक्षा वाटेतली भजी महाग पडली, आणि ती खाल्ल्याचा मला अजून पस्तावा नाही. तुम्ही गेलात तर भाकरी मात्र घरून न्या, गाडीचा भरवसा तेव्हा नव्हता आणि जंगलात उभी राहिली तर माकडं सोडून कोणी विचारत नाही. मी तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी घेतली होती. रेकॉर्ड वाकळेत गुंडाळून मांडीवर. बसमध्ये ही गर्दी. कंडक्टर "मुंद होग्री, मुंद," म्हणत सगळ्यांना पुढे ढकलत आला आणि माझ्या मांडीवरच्या गाठोड्यापाशी थांबला.

"अव्वा, बाळ हाय काय? हलवू नका, झोपलंय वाटतं."

"बाळ कसलं बाबा, सवत हाय माझी. हिलाच इकायला निघालोय."

त्यानं ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. ह्यांचं तोंड खरंच तसं झालं होतं. "मग अर्धं तिकीट काढा," म्हणाला. सगळी बस हसली, एक माणूस सोडून.

तिनईघाटानंतर गाडी सावकाश जंगलात शिरते. उन्हाळा लागला होता तरी आत गार. बांबूच्या बेटांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी डब्यात पडत होतं. मी म्हटलं, "बघा की बाहेर, किती छान हाय." हे म्हणाले, "बघितलंय." तिकडे जाताना खिडकी कुठलीही धरा, सोबत मात्र रुसलेलं माणूस नेऊ नका. डोंगर दिसतच नाही, सारखं त्याचंच तोंड दिसतं.

रात्री परशूच्या क्वार्टरमध्ये कुळथाचं सार आणि भात. ह्यांनी दोनदा भात घेतला, म्हणजे रुसवा पोटापर्यंत पोचला नव्हता. परशू मला हळूच म्हणाला, "मावशी, सौदा कोण करणार?" हा खरा प्रश्न होता. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. आता मी परक्या मास्तरांचा हात टॉवेलाखाली धरला असता तर कॅसलरॉकला धबधब्याहून मोठी गोष्ट झाली असती. म्हणजे सौदा ह्यांनीच करायचा. ज्याला विकायचंच नाही त्यानं! ह्यांनी मुद्दाम नको तो आकडा दाबला तर मास्तर उठून जातील आणि माझी म्हैस लोंढ्याला. रात्रभर मी कुशी बदलत होते, हे घोरत होते.

सकाळी मास्तर गोव्याकडच्या गाडीनं वर आले. बारीक, टोपीवाले, हातात पेटीएवढं बॅटरीवरचं मशीन. स्टेशनच्या चहाच्या दुकानापुढच्या बाकावर बसले. त्यांना दुपारच्या आत खाली जाणाऱ्या गाडीनं परतायचं होतं. घाट उतरायच्या आधी गाडीला इथे जादा इंजिनं जोडतात, तेवढा वेळ काय तो हातात.

मास्तरांनी वाकळ उघडली, कव्हर बाजूला ठेवलं, तबकडी दोन तळहातांच्या मध्ये कडेनं धरली आणि उजेडात फिरवली. फुंकर घातली. अगदी म्हशीचे दात बघावेत तसं बघत होते. "बरी आसा," म्हणाले. "कोंबडेचो चरो खंय?"

"वाजवा, तीच दाखवील," मी म्हटलं.

मास्तरांनी मशीन बाकावरच ठेवलं, सुई टेकली. आधी खरखर, मग बायक्का. किती वर्षांनी! काळी नदीच्या काठावर उभी राहून एक बाई नावाड्याला हाक मारते, असं ते गाणं. चहावाला गाळणी हातात धरून उभा राहिला. परशूच्या सोबतचे दोन गँगमन, दोघं रामनगरचे, बाकामागे येऊन थांबले. आणि आली ती जागा. "नावाड्या ये रे… ये रे… ये रे…" मास्तर अस्वस्थ झाले, बोट सुईकडे नेऊ लागले. तेवढ्यात बाकावर टक् असा आवाज झाला. ह्यांनी टिचकी मारली होती. मागं गँगमनांनी हातोड्याच्या दांड्यावर टक् केलं, मी भाकरीच्या डब्यावर. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सुई उडाली आणि बायक्का पुढे निघाली, "तुझ्या नावेत जागा दे रे."

मास्तर आमच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही सगळ्यांनी कसं काय?"

त्यांना सांगायला लागलं. आमच्याकडे सगळ्या बायका हे गाणं ह्याच रेकॉर्डीवरून शिकल्या. लग्नात, बारशात म्हणताना 'ये रे' तीनदा म्हणायचं, परातीवर टिचकी मारायची आणि मग पुढची ओळ. ज्या पोरीची टिचकी चुकते तिला सासरी गाणं येत नाही म्हणून चिडवतात.

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ही खोड म्हणायची की गुण, मला कळत नाही."

"म्हशीचं पण तसंच असतंय," हे म्हणाले. दोन दिवसांत ह्यांचं पहिलं लांब वाक्य.

मग सौदा. ह्यांनी मास्तरांना बोटांचा हिशोब शिकवला, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला. टॉवेल हलतोय. मास्तर डोळे मोठे करतात. टॉवेल पुन्हा हलतो. मास्तर मान हलवतात. दूर इंजिन शिट्टी घालतं. मी ह्यांच्या चेहऱ्यावरून आकडा वाचायला गेले, पण मला अक्षर येत नाही तसा तो चेहराही तेव्हा वाचता आला नाही. मी म्हैस देवाच्या नावानं सोडली. इतक्यात टॉवेल थांबला.

"झालं," हे म्हणाले.

आकडा सांगणार नाही. टॉवेलाखालचं टॉवेलाखालीच राहतं. म्हशीपुरतं होतं आणि वर गुळाची ढेप येईल एवढं. मास्तरांनी पैसे मोजून दिले, मी ते कमरेला खोचले, आणि तबकडी कव्हरात घालायला मास्तरांनी हात पुढे केला. कव्हर ह्यांच्या काखेत!

"कव्हर द्या की," मास्तर म्हणाले.

"कव्हर न्हाई."

मी ह्यांची बाही ओढली. "अवो, काय करालाय?"

हे अगदी शांत. "मास्तर, आमच्यात जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. गिऱ्हाईकानं आपलं दावं आणायचं. मालकाच्या खुंट्याला दावं राहिलं तर गोठा पुन्हा भरतोय. जनावर तुमचं. दावं आमचं."

"अहो, पण कव्हराशिवाय रेकॉर्डीला किंमत निम्मी! त्यावर तिचा फोटो, तिचं नाव!"

"मिशा पण हायत," परशू मधेच म्हणाला.

मास्तर माझ्याकडे वळले. आता सगळं माझ्यावर. पैसे कमरेला टोचत होते. मी मास्तरांची बाजू घेतली असती तर म्हैस नक्की होती. पण दोन दिवस रुसलेला माणूस मनात काय शिजवत होता ते मला तिथं दिसलं, आणि पद्धत तर खरीच होती. पुढे पान लागून मेलेली ती म्हैस माझ्या बापानं दिली तेव्हा दावं त्यानंही ठेवून घेतलं होतं.

"रीत हाय मास्तर," मी म्हटलं. "मोडली तर नवी म्हैस आटंल माझी. नको असंल तर पैसे घ्या परत." आणि कमरेला हात घातला. फार सावकाश घातला, ते वेगळं.

शेवटचं इंजिन जोडल्याचा धक्का बसून सगळे डबे खडखडले. गार्डनं शिट्टी मारली. मास्तर तबकडीकडे बघतात, गाडीकडे बघतात, ह्यांच्या काखेकडे बघतात. मग एकदम हसायला लागले. "मग मला दावं कोण देणार?"

ह्यांनी सौद्याचा टॉवेल झटकला, तबकडी त्यात हळूच गुंडाळली, बाळाला बाळुत्यात घालावं तशी, आणि त्यांच्या हातात दिली. गाडी हलली तरी मास्तर दारात उभे राहून दुसऱ्या हातानं डब्याच्या पत्र्यावर टिचकी मारून दाखवत होते.

परतताना हे सारखे खिडकीबाहेर बोट दाखवत, "ते बघ गे, शेकरू," म्हणत होते. मी म्हटलं, "बघितलंय." उसनं फेडायला नको?

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी नागरगाळीला गेलो. गवळ्यानं पैसे घेतले, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, आणि शांतपणे तिच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. रीत ती रीत. मास्तरांना एवढं शिकवून आलेली आम्ही दोघं, पण दावं न्यायचं दोघांच्याही डोक्यात नाही. शेवटी ह्यांचं धोतर म्हशीच्या गळ्यात आणि हे पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, असे आम्ही रामनगरात शिरलो. टॉवेल असता तर अब्रू वाचली असती, पण तो मडगावला गेला होता.

पुढच्या वर्षी मास्तरांनी परशूबरोबर एक कॅसेट पाठवली. त्यांनी रेकॉर्डीवरचं गाणं उतरवून घेतलं होतं आणि अडायची जागा मोठ्या कष्टानं काढून टाकली होती. थोरल्या लेकीच्या बाळाच्या बारशात लावली. आम्ही बायका 'ये रे' तीनदा म्हणून परातीवर टक् करतोय तोवर कॅसेटमधली बायक्का पलीकडच्या काठाला पोचलीसुद्धा. आम्ही सगळ्या अलीकडेच. पुन्हा लावली, पुन्हा तेच. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, कॅसेट खराब हाय.

आमचे हे आता नाहीत. कव्हर आहे, भिंतीवर खिळ्याला. संध्याकाळी धार काढून आले की ते गुणगुणत तिथं उभे राहायचे आणि त्या जागेला आले की कव्हरावर टिचकी मारायचे. बायक्काच्या मिशांपाशी कागद झिजून पांढरा पडलाय. गोठा तेव्हापासून कधी रिकामा राहिला नाही, हे मी सांगितलं पाहिजे.

सुमीनं त्या कव्हराचा फोटो कुठंतरी टाकला, तेव्हापासून फोन येतात. परवा पुण्याचा एक पोरगा म्हणाला, "आजी, नुसतं कव्हर द्याल का? कंडिशन कशी आहे?"

कंडिशन मी त्याला सगळी सांगितली, उंदीर, मिशा, झिजलेली जागा, काही लपवलं नाही. मग म्हटलं, "बाळा, दावं इकत न्हाईत. तू जनावर घिऊन ये, बांधून घेते."