तणशीचा बोळा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर त्यानं ते आपल्यापाशीच ठेवलं, एवढे त्याचे उपकार. तुम्हाला सांगते. माझ्याच घराची नाली मी माझ्या हातानं बुजवली. रागानं नाही, वेडाच्या भरातही नाही. चांगला विचार करून, पदर खोचून.

तेव्हा मी साठीची होते. म्हणजे पोरगीच. आज सत्तरीच्या उंबऱ्यावरून त्या बाईकडं पाहिलं की वाटतं, हिला घरात एकटं सोडलंच कसं कोणी?

आमचं घर गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या खेड्यात. घरामागं दुसऱ्याची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आणि ती आमच्या जोत्यापेक्षा उंच. रोवणीसाठी तिच्यात पाणी साचलं की ते जमिनीतून झिरपत आमच्या मागच्या भिंतीत शिरायचं. कमरेपर्यंत ओल. पोपडे, बुरशी, गाद्यांना कुबट वास. ती खोली माझ्या मुलाची, दिनूची. पावसाळ्याचे चार महिने ती निजायच्या कामाची नसे. मग दिनू आणि सून छपरीत, आणि त्यांची गुड्डी समोरच्या खोलीत — माझ्याजवळ.

कळलं का? चारच महिने. बाकीचं वर्ष ती आईबापाजवळ. सारं गाव रोवणीसाठी पावसाची वाट पाहायचं. मी कशासाठी पाहायचे? पाच वर्षांच्या पोरीचा पाय झोपेत माझ्या पोटावर पडावा म्हणून. हे गेल्यापासून ती खाट मला फार रुंद झाली होती.

एका उन्हाळ्यात दिनूनं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, फ्रेंच ड्रेन करतो. मी म्हटलं, तलाव बांधणाऱ्यांच्या घरात आता फ्रान्सहून नाली येणार का? आमच्या वाडवडिलांनी या भागात गावोगावी तलाव बांधले. माझ्या माहेरी पाण्याचा उतार पोरीसुद्धा नुसत्या डोळ्यानं ओळखायच्या. दिनू हसला आणि खणायला लागला. भिंतीपासून हातभर सोडून लांब चर. तळाशी गिट्टी, गिट्टीवर भोकं पाडलेला पाइप, भोवती जाळीदार कापड, वरून पुन्हा गिट्टी. बांधीतलं पाणी भिंतीशी पोचायच्या आधीच पाइपात उतरावं आणि वाडीच्या, म्हणजे परसाच्या टोकाला, केळीजवळ बाहेर पडावं. उतार मीच पाहून दिला. खरं सांगते — बरोबर होता.

पाऊस लागला आणि केळीजवळ धार सुरू झाली. भिंत कोरडीच राहिली. सून हरखली. तिनं खोलीत नवी चादर घातली आणि माझ्या खाटेवरून गुड्डीची उशी उचलून नेली. एवढीशी उशी.

मागता आलं असतं मला. पोरीला माझ्याजवळ निजू द्या — कोण नाही म्हणालं असतं? पण मागायचं म्हणजे एकटं वाटतं हे बोलून दाखवायचं. ते निघेना. साऱ्या गावाला फाडफाड बोलणारं तोंड हे, आणि तेवढ्यालाच मुकं.

दिनू दुकानात, बाकीचे रोवणीला गेले होते, त्या दुपारी केलं मी. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, गळायला लागलं की माझा बाप जसं बंद करायचा, अगदी तसं. धानाच्या तणशीचा पीळ, त्यात चिकणमाती, ओल्या हातानं दाबत दाबत. पाइपात कोपरापर्यंत हात घालून बोळा आत सारला — बाहेरून दिसू नये म्हणून. मग हात धुतले आणि चहा मांडला. काय हुशार वाटलं मला. नालीचा तलाव केला होता मी, स्वतःच्याच भिंतीच्या पायथ्याशी.

आठवडाभरात ओल परत आली, आधीपेक्षा वर चढली. गुड्डीची उशीही परत आली. खोटं कशाला बोलू — मी सुखात होते. दिनू भर पावसात छत्री धरून चरापाशी उभा राहायचा. गिट्टी उकरून पाहायचा, पाइप ठोकून पाहायचा. पानठेल्यावरचे विचारायचे, "काऊन बे दिन्या, फ्रान्सचं पाणी रस्ता भुलून राहिलं का?" तो हसायचा. मग हसेनासा झाला. उतारात काय चुकलं असेल, म्हणून मलाच विचारायचा. मी म्हणायचे, मले काय समजते.

मग गुड्डीला खोकला लागला. छातीत शिटी वाजायची. ज्या हातानं बोळा सारला त्याच हातानं मी तिला मोहरीचं तेल चोळलं. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, ओलीच्या घरात हिला ठेवू नका.

दिनू जेवताना बोलला. त्याचं दुकान गोंदियात, म्हणून खोलीही तिथंच करू असं सून कधीची म्हणत होती. त्यानंच तिला थांबवलं होतं. ही नाली साधली तर इथंच राहायचं, मायला एकटं सोडायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. म्हणजे ती नाली माझ्यासाठी होती. मला हे कोणी सांगितलं नव्हतं — पण मी तरी कुठं विचारलं होतं?

तेव्हा बोलायचं होतं. भाताचा चमचा हातात होता. एक वाक्य — आत बोळा आहे, काढून टाक. तो उठून गेला असता, काढून आला असता. आणि मग त्यानं माझ्याकडं पाहिलं असतं. त्या पाहण्याला मी भ्याले. मी विचारलं, भात वाढू का.

गोंदियाला जायला टेम्पो भरला. सुनेनं मलाही चला म्हटलं, हात धरून म्हटलं. मी कोंबड्यांचं निमित्त सांगितलं. टेम्पो वळणापलीकडं गेला, आणि मी सळाख घेऊन केळीजवळ गेले. बोळा निघाला तसं गढूळ पाणी किती तरी वेळ माझ्या पायांवरून वाहत राहिलं.

गुड्डी आता माझ्या डोक्याच्या वर गेली. छाती चांगली आहे तिची. सणाला येते, मोबाईल घेऊन दुसऱ्या खाटेवर झोपते. मागची खोली भर पावसाळ्यात खडखडीत असते. मी कधी कधी तिथं नुसती जाऊन बसते.

त्या वर्षी दिवाळीला ते आले. तोवर गुड्डीचं नाव तिकडच्या शाळेत घालून झालं होतं. केळीजवळ वाहती धार दिसली, तसा दिनू चपला न काढताच मागच्या खोलीत गेला. भिंतीवर तळहात ठेवला, मग गाल. मी दारात उभी. सून चुलीपाशी होती. ऐकायला आम्ही दोघंच. अजून वेळ होता — होता ना? तो वळला, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला,

"नाली तं बरोबरच होती, माय. मीच घाई केली."